इमर्जन्सी ब्लँकेट गुंडाळूनही थंडी वाजते: कुठे चुकतंय ते क्रमाने तपासा

सॅकच्या वरच्या कप्प्यात चंदेरी ब्लँकेटची घडी बहुतेक ट्रेकर ठेवतात. पन्नास-साठ ग्रॅम वजन, मुठीत मावणारं पाकीट, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'शरीराची ९० टक्के उष्णता परत मिळवा'. गडावर मुक्काम लांबतो, कोणीतरी काकडतो, पाकीट फोडून त्याला गुंडाळतात, आणि तासाभराने तो म्हणतो, 'याचा काही उपयोग नाही.' बऱ्याच वेळा ब्लँकेट ठीक असतं. उष्णता दुसऱ्याच वाटेने निघून जात असते. ती वाट शोधायचा क्रम खाली दिला आहे. आधी फुकटातले आणि दोन मिनिटांत होणारे उपाय आहेत, नंतर वेळ आणि सामान लागणारे.

आधी लक्षणं ओळखा

पहिली दहा-पंधरा मिनिटं ऊब वाटते, मग कंबर आणि पाठ गार पडत जाते: उष्णता जमिनीत जाते आहे. तपासणी २.

वाऱ्याची झुळूक आली की एकदम हुडहुडी भरते, ब्लँकेट फडफडतं: आतली गरम हवा बाहेर ढकलली जाते आहे. तपासणी १ आणि ६.

खांदे, गुडघे, कोपर, म्हणजे जिथे फॉइल अंगाला चिकटतं तिथेच गार लागतं: मध्ये हवेचा थर नाही. तपासणी ४.

मध्यरात्रीपर्यंत बरं चाललं, पहाटे आतून सगळं दमट आणि थंडी वाढलेली: घामाची वाफ आत साचली आहे. तपासणी ५.

सुरुवातीपासून काडीचाही फरक नाही: कपडे ओले आहेत, ब्लँकेट खराब आहे, किंवा शरीरच पुरेशी उष्णता तयार करत नाही. तपासणी ३, ७ आणि ८.

जीभ जड झाली आहे, चालताना तोल जातो, शर्टाचं बटण लावता येत नाही, किंवा इतका वेळ कुडकुडणारा माणूस गरम न होताच कुडकुडायचा थांबला आहे: तपासण्या करत बसू नका. थेट शेवटच्या भागावर जा.

ब्लँकेट नेमकं काय अडवतं

हे ब्लँकेट म्हणजे पॉलिएस्टरच्या साधारण १२ मायक्रॉन जाडीच्या पटलावर निर्वातात चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. माणसाचा केस त्याच्या पाच-सहापट जाड असतो. १९६४ च्या सुमारास नासाच्या मार्शल स्पेस फ्लाइट सेंटरमध्ये हे पटल अवकाश कार्यक्रमासाठी विकसित झालं. अवकाशात हवा नाही, वारा नाही, टेकायला जमीन नाही. तिथे उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने जाते, आणि ही किरणं परत फिरवण्यात ॲल्युमिनियमचा हात कोणी धरत नाही.

हरिश्चंद्रगडावर मात्र उष्णता चार वाटांनी जाते: प्रारण, वारा, जमिनीचा स्पर्श आणि ओलाव्याचं बाष्पीभवन. ब्लँकेट पहिली वाट फार चांगली अडवतं. नीट बंद केलं तर वारा आणि बाष्पीभवनही अडवतं. जमिनीच्या वाटेवर ते काहीच करत नाही. पाकिटावरचे ९० टक्के हे फक्त प्रारणाचे आहेत, एकूण उष्णतेचे नाहीत.

प्रारणाचा वाटाही प्रत्येक वेळी सारखा नसतो. उघड्या कातडीचं तापमान ३३ अंश आणि भोवताल १० अंश असेल तर दर चौरस मीटरमागे सुमारे १३० वॅट उष्णता प्रारणाने जाऊ शकते. शांत बसलेल्या माणसाचं अख्खं शरीर साधारण ८० ते १०० वॅट तयार करतं, त्या मानाने ही गळती मोठी आहे. तोच माणूस जाड स्वेटर आणि जॅकेट घालून बसला, तर जॅकेटचा बाहेरचा पृष्ठभाग जेमतेम १४-१५ अंशांवर असतो आणि प्रारणाने जाणारी उष्णता २५ वॅटच्या आसपास उतरते. म्हणून पातळ कपड्यांतल्या माणसाला ब्लँकेटचा फरक लगेच जाणवतो, आणि चांगल्या स्लीपिंग बॅगमध्ये झोपलेल्याला वरून फॉइल टाकून विशेष काही मिळत नाही. उलट बॅगेतून निघणारी वाफ फॉइलखाली थिजते आणि बॅग भिजते. पिसांच्या बॅगेवर तर ते कधीच घट्ट गुंडाळू नका.

डिसेंबर-जानेवारीत निरभ्र आकाशाखाली उघड्या पठारावर झोपलात तर गणित पुन्हा बदलतं. रात्रीचं स्वच्छ आकाश प्रारणाच्या हिशेबात आजूबाजूच्या हवेपेक्षा खूप थंड असतं, म्हणून हवा स्थिर असूनही अंग गारठतं आणि दव पडतं. अशा वेळी ब्लँकेट वीत-दीड वीत उंचीवर छतासारखं ताणून बांधलं तरी फायदा होतो. गुहेत किंवा देवळात दगडी छत आधीच डोक्यावर असतं, तिथे ही युक्ती फारशी कामाची नाही.

तपासणी १: गळा, पाय आणि डोकं

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. ब्लँकेट खांद्यावरून शालीसारखं पांघरलं असेल तर ते जवळपास वाया गेलं आहे. पायाकडची बाजू दुमडून तळव्यांखाली घ्या, पुढची कड एकमेकीवर किमान हातभर चढवा, आणि गळ्याभोवती मफलर, टॉवेल किंवा बुटाची नाडी सैलसर बांधा. गरम हवा वर चढते, म्हणून गळा उघडा राहिला की ब्लँकेटचं धुराडं होतं. कानटोपी घाला. डोक्यातून निम्मी उष्णता जाते हा समज चुकीचा आहे, डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या दहाएक टक्केच असतं. पण बाकी सगळं झाकल्यावर ते दहा टक्केच उघडे उरतात.

तोंड आणि नाक नेहमी बाहेर. गुदमरण्याचा धोका आहेच, शिवाय श्वासातली वाफ आत जमते.

तपासणी २: खाली काय आहे

सगळ्यात जास्त वेळा चूक इथेच सापडते. ब्लँकेट अर्धं खाली अंथरून अर्धं वर घेतात आणि खालूनही ऊब मिळेल असं धरून चालतात. कातळाला चिकटलेलं १२ मायक्रॉनचं पटल उष्णतेला अडवूच शकत नाही. परावर्तनासाठी समोर मोकळी जागा लागते, आणि अंगाच्या वजनाखाली ती उरत नाही. शिवाय वजनाने खालच्या कपड्यांतली हवाही दाबली जाते, त्यामुळे पाठीचं स्वेटर पोटावरच्या स्वेटरइतकं काम करत नाही.

अंगाखाली बंद पेशींच्या फोमची मॅट हवी, ८ ते १० मिलिमीटर जाडीची. गुंडाळी करून सॅकला बाहेरून अडकवतात तीच. मॅट नसेल तर रिकामी सॅक पाठीखाली, रोपची वेटोळी कमरेखाली, बूट आणि रिकाम्या पाण्याच्या बाटल्या पायाखाली. सुकं गवत किंवा पाला घ्यायचा तर आधी काठीने झोडून घ्या, विंचू आणि साप त्यातच असतात. आणि थर एवढा घ्या की अंगाखाली दबल्यावरही चार बोटं जाडी उरेल. पुरेसं सामान नसेल तर आडवं होऊ नका. सॅकवर उकिडवं बसून गुडघे छातीशी घ्या. जमिनीला लागणारं अंग कमी होतं आणि वाऱ्याला सामोरं जाणारंही कमी होतं.

एकच फॉइल असेल तर ते वर वापरा. मॅटखाली अंथरून फक्त ओल अडते.

तपासणी ३: कपडे ओले आहेत का

सह्याद्रीत थंडीने गलितगात्र होण्याचे प्रसंग हिवाळ्यातच येतात असं नाही. जुलैमध्ये घाटमाथ्यावर हवा १८-२० अंश असते, पण सहा तास पाऊस आणि वारा खाल्लेला माणूस सुती टी-शर्ट आणि जीन्समध्ये असतो. पाणी हवेपेक्षा जवळजवळ २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि प्रत्येक ग्रॅम पाणी वाळताना अंगातून सुमारे २४०० ज्यूल घेऊन जातं. शंभर मिलिलिटर पाणी अंगावर वाळलं तर शांत बसलेल्या माणसाने चाळीसेक मिनिटांत तयार केलेली उष्णता त्यातच जाते.

कोरडे कपडे असतील तर आडोशाला जाऊन आधी बदला, मग ब्लँकेट. नसतील तर कपडे काढून घट्ट पिळा, पुन्हा घाला, आणि फॉइल त्या ओल्या कपड्यांवर थेट, सगळीकडून बंद गुंडाळा. वाफ बाहेर जायला वाट नसली की आतली हवा लवकरच दमट होते आणि बाष्पीभवन मंदावतं. मग त्यावर कोरडं जे काही असेल ते चढवा: कोणाचं जॅकेट, घोंगडी, स्लीपिंग बॅग.

लक्षात ठेवायचा नियम एवढाच: कपडे ओले तर फॉइल आत आणि ऊबदार थर बाहेर, कपडे कोरडे तर ऊबदार थर आत आणि फॉइल बाहेर. पहिल्यात फॉइल कोरड्या थराला ओल लागू देत नाही. दुसऱ्यात ते वारा-पाऊस अडवतं. उलटं केलं की घोंगडी भिजते, आणि भिजलेली घोंगडी नुसतीच जड होत जाते.

तपासणी ४: अंग आणि फॉइल यांच्यामध्ये हवा

ॲल्युमिनियम उष्णतेचं उत्तम वाहक आहे. ते कातडीला चिकटलं की परावर्तन संपतं आणि उष्णता पटलातून सरळ बाहेरच्या हवेत जाते. ताणून गुंडाळण्याची सवय सोडा. खांद्यावर, गुडघ्यावर मफलर, मोजे, चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद असं काहीही सैलसर ठेवा. बोटभर पोकळी पुरते. तीन-चार बोटांपेक्षा जास्त ठेवली तर आतल्या आत हवा फिरू लागते.

कोणती बाजू आत, यावर मात्र वेळ घालवू नका. सोनेरी-चंदेरी ब्लँकेट असेल तर चंदेरी आत, सोनेरी बाहेर. सोनेरी रंग हा वरून दिलेला लेप असतो आणि तो दुरून चटकन दिसतो. दोन्ही बाजूंतला फरक इतर चुकांच्या मानाने किरकोळ आहे. वाऱ्यात उभं राहून ब्लँकेट उलटंपालटं करण्यात जी ऊब जाते ती त्याहून मोठी असते.

तपासणी ५: आत साचलेलं पाणी

घाम येत नसतानाही कातडीतून दिवसाला साधारण ४०० मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपाने जात असतं. आठ तासांच्या रात्रीत सव्वाशे-दीडशे मिलिलिटर झालं. पटलातून वाफ आरपार जात नाही, आणि पटल बाहेरच्या हवेइतकं थंड असतं, म्हणून ही वाफ आतल्या बाजूला थेंबांनी जमते. नुकसान दोन प्रकारचं होतं. कपडे भिजतात हे दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी, की अवरक्त किरणांसाठी पाण्याचा पातळसा थरही काळा रंग फासल्यासारखा असतो. किरणं ॲल्युमिनियमपर्यंत पोचण्याआधीच पाण्यात शोषली जातात. ब्लँकेट चकाकत राहतं, पण त्या जागी परावर्तन जवळपास बंद झालेलं असतं.

तासा-दीड तासाने गळ्याकडून पाव मिनिटभर उघडा, आतली बाजू रुमालाने पुसा, रुमाल बाहेर पिळा, पुन्हा बंद करा. त्या क्षणी थोडी ऊब जाते, पहाटेपर्यंत ओलं राहण्यापेक्षा ते परवडतं. जोरात चढून आल्या आल्या घामेजलेल्या अंगावर ब्लँकेट घेऊ नका, आधी अंग पुसा. वर म्हटल्याप्रमाणे ओल्या कपड्यांवर गुंडाळलेल्या किंवा जखमी माणसाचं ब्लँकेट मात्र उघडू नका. तिथे वाफ आत राहिलेलीच बरी.

तपासणी ६: वारा, फाटणं आणि टेपचं काम

स्थिर हवेत कपड्यांवरून वाहून जाणारी उष्णता आणि सेकंदाला चार-पाच मीटर वाऱ्यात जाणारी उष्णता यांत चौपटीच्या आसपास फरक पडतो. त्यामुळे वाऱ्याच्या ठिकाणी ब्लँकेटची डागडुजी करण्याआधी जागा बदला. तटबंदीची आतली बाजू, मोठ्या धोंड्याची पाठ, गुहेचा आतला कोपरा चालेल. खिंडीत आणि कड्याच्या काठावर थांबू नका.

हे पटल ओढताण बऱ्यापैकी सहन करतं. पण कडेला नखाएवढी चीर पडली की ती क्षणात आरपार जाते. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला आणि २१ धावपटू दगावले. त्यांच्याकडची पातळ ब्लँकेटं वाऱ्याने फाडून नेल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं. वाऱ्यात उघडी चादर टिकत नाही, पिशवी टिकते.

ती पिशवी घरीच करून ठेवा. १६० × २१० सेंटिमीटरची चादर लांबीत दुमडली की ८० × २१० ची पिशवी होते. तळ आणि एक बाजू ४८ मिलिमीटरच्या पॅकिंग टेपने बंद करा. टेप दोन्ही बाजूंनी लावा, आणि बाजूचे वरचे ४० सेंटिमीटर शिरण्यासाठी मोकळे सोडा. मोकळ्या कडेवरही टेप दुमडून लावा, चीर तिथूनच सुरू होते. शिवू नका, सुईचं प्रत्येक भोक ही नवी चीर असते. अंगाने भरलेल्या माणसाला ही पिशवी घट्ट होते आणि हवेची पोकळी राहत नाही. त्याच्यासाठी दोन चादरी तीन बाजूंनी जोडा. १६० सेंटिमीटर रुंदीच्या त्या पिशवीत दोघं पाठीला पाठ लावून बसू शकतात, आणि दोघांची मिळून दोनशे वॅटची शेगडी एका पिशवीत येते. वर एखादा पोंचो किंवा ताडपत्री घेतली की फडफड थांबते.

तयार पिशवीच घ्यायची तर पॉलिएथिलीनची, जरा जाड, शंभर-सव्वाशे ग्रॅमची घ्या. परावर्तन किंचित कमी, पण ती सहज फाटत नाही आणि पुन्हा वापरता येते.

तपासणी ७: ब्लँकेटच खराब आहे का

हे गडावर नाही, घरी, पावसाळ्यापूर्वी तपासायचं. ब्लँकेट उघडून ट्यूबलाइटसमोर धरा. घड्यांच्या रेषांवर बारीक छिद्रांतून उजेड दिसणं चालतं. तळहाताएवढे आरपार डाग दिसले, थर सोलून बोटाला चंदेरी भुकटी लागली, किंवा घड्या चिकटून सोडवताना फाटल्या तर ते बदला. कोकणातल्या दमट, खारट हवेत हा थर लवकर जातो. पाकीट फुटलेलं असेल तर आणखी लवकर.

दुसरी चाचणी: पटल गालापासून चार-पाच सेंटिमीटरवर, स्पर्श न करता धरा. काही सेकंदांत गालाला सौम्य ऊब जाणवली पाहिजे. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीने इतकी जाणवत नाही. नुसतं चकचकीत छापलेलं प्लॅस्टिक ब्लँकेट म्हणून विकलं गेलं असेल तर ते इथे पकडलं जातं.

तपासणी ८: आत उष्णता आहे का

ब्लँकेट उष्णता तयार करत नाही. दिवसभर उपाशी, दमलेला माणूस कुडकुडण्याइतकंही इंधन राखून नसतो, आणि त्याला कितीही चांगलं गुंडाळलं तरी तो गारच राहतो. शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर गूळ-शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, भरपूर साखरेचं कोमट पाणी द्या. दारू अजिबात नाही. तिने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, वरवर ऊब वाटते आणि आतलं तापमान उतरतं.

स्टोव्ह असेल तर बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून छातीशी आणि काखेत ठेवा. ६० अंशांच्या एक लिटर पाण्यातून ३७ अंशांपर्यंत येताना सुमारे ९६ किलोज्यूल मिळतात. शांत बसलेल्या शरीराची पाव तासाची ही कमाई. म्हणजे एका बाटलीने भागणार नाही, ती बदलत राहावी लागते. बाटली उघड्या कातडीला लावू नका, गारठलेल्या कातडीला भाजल्याचं कळत नाही. स्टोव्ह ब्लँकेटपासून लांब ठेवा, पटल वितळून अंगाला चिकटतं. आणि बंद तंबूत स्टोव्ह पेटवून ऊब आणण्याचा प्रयत्न करू नका, कार्बन मोनॉक्साइडने माणसं मरतात.

इथे थांबा आणि मदत बोलवा

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू झालेला असतो. ३२ अंशांच्या आसपास कुडकुडणं थांबतं, आणि नेमकं तेव्हाच सोबत्यांना वाटतं की आता बरा झाला. बोलणं अडखळणं, असंबद्ध उत्तरं, तोल जाणं, ग्लानी, थंडीत कपडे काढायला लागणं, कुडकुडणं थांबूनही अंग गार असणं, यांपैकी एकही दिसलं तर ब्लँकेटच्या खटाटोपाच्या पलीकडची वेळ आली आहे. ही लक्षणं नसली, पण वरचं सगळं करून अर्ध्या तासात काहीच सुधारणा नसेल, तरीही फोन करा. लहान मूल, वृद्ध, मधुमेही किंवा रक्तस्राव होत असलेला माणूस असेल तर अर्धा तासही थांबू नका.

११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. महाराष्ट्रात डोंगरातल्या शोध-बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर स्थानिक पथकांशी संपर्क साधतं. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक निघण्यापूर्वीच फोनमध्ये साठवा आणि कागदावर लिहून ठेवा. फोन करताना तो ब्लँकेटच्या बाहेर काढा, ॲल्युमिनियमच्या थरामुळे रेंज आणि जीपीएस दोन्ही कमजोर होतात.

मदत येईपर्यंत त्याला आडवं ठेवा, चालवू नका, झटके देऊन हलवू नका. खूप थंड पडलेलं हृदय धक्क्यानेही बिघडू शकतं. हातपाय चोळू नका, ऊब फक्त धडाला द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून काहीही देऊ नका. थंडगार माणसाची नाडी फार मंद असते, म्हणून श्वास आणि नाडी पूर्ण एक मिनिट तपासा. श्वास नसेल तर छातीदाब सुरू करा आणि पथक येईपर्यंत चालू ठेवा. डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) लावायची वेळ आली तर छातीवरचं फॉइल आधी बाजूला करा, ते वीज वाहून नेतं.

पथकाला सांगायच्या गोष्टी लिहून ठेवा: किती वाजता भिजला, कुडकुडणं किती वाजता थांबलं, काय खाल्लं-प्यायलं, कोणती औषधं चालू आहेत, ओले कपडे आत आहेत की काढले.